दोन वॉटचा उजेड

जुन्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन अडलं की बघता बघता माणसं गोळा होतात. कोणी कार्ब्युरेटरकडे बोट दाखवतं, कोणी प्लग काढून बघायला सांगतं, कोणी नुसता आवाज ऐकून निदान करतं. इंजिनाच्या दुखण्यालाही मान असतो. आतल्या दिव्यांच्या नशिबी हे कौतुक नाही. दार उघडल्यावर लागणारा छताखालचा दिवा गेला, स्पीडोमीटरमागचा बल्ब मंदावला, तर गाडी काही रस्त्यात उभी राहत नाही. मालक ‘बघू कधीतरी’ म्हणतो आणि मोबाइलच्या टॉर्चवर दिवस काढतो. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. ब्रेक, टायर, हेडलाइट सगळं बारकाईनं पाहतात. छताचा दिवा लागतो की नाही हे मात्र कोणी विचारत नाही. 40 वर्षांपुढच्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना तर 2018 पासून ही तपासणीसुद्धा सक्तीची राहिलेली नाही. थोडक्यात, हा दिवा लागलाच पाहिजे असं बजावणारं बाहेरचं कोणीही नाही. तो लागावा ही इच्छा सर्वस्वी मालकाची. माझी ती इच्छा पक्की आहे. हेडलाइट रस्त्यासाठी असतो, मागचा लाल दिवा मागून येणाऱ्यासाठी. गाडीत बसलेल्या माणसासाठी म्हणून जे दिवे असतात ते एवढेच.

माझी गाडी एमजीबी जीटी, 1973 सालची. एमजीबी 1962 मध्ये आली. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, टेम्सकाठच्या अ‍ॅबिंग्डन गावात तिचा कारखाना होता. 1965 मध्ये तिचं पक्क्या छपराचं जीटी रूप आलं; त्या छपराची सुरेख रेषा घडवण्यात इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. 1980 मध्ये कारखाना बंद झाला तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या होत्या. स्पोर्ट्‌स कार असली तरी ती अतिश्रीमंतांसाठी बनलेली नव्हती. बेताच्या पगारातल्या माणसालाही ती घेता यावी आणि घरच्या घरी पाना-पकड घेऊन दुरुस्त करता यावी अशीच तिची घडण आहे. तिच्यात कुलूपबंद असं काही नाही. जे आहे ते उघडतं, आणि उघडलं की समजतं.

मी मूळची कोल्हापूरची. नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमजवळ आले आणि इथलीच झाले. या गाडीचं बॉनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा परक्या देशात नात्यातलं कोणी भेटावं तसा आनंद झाला, कारण आत होतं ते आमच्या अँबेसिडरच्या घराण्यातलं इंजिन. अँबेसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं 1489 सीसीचं आणि एमजीबीचं 1798 सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरिज’मधली इंजिनं. विजेच्या सामानातही तसाच घरोबा: इथे ल्युकास, आणि तिकडे मद्रासला 1961 मध्ये सुरू झालेली ल्युकास-टीव्हीएस. बाबांची अँबेसिडर शिवाजी उद्यमनगरात एका वायरमनकाकांकडे जायची. बाबांबरोबर मीही जायची आणि काकांच्या शेजारी उकिडवी बसून बघत राहायची.

काकांचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. होल्डरमध्ये बसवलेला 12 व्होल्टचा एक बल्ब, त्याच्या दोन वायरी, एकीच्या टोकाला दातेरी क्लिप, दुसरीच्या टोकाला टोकदार सळई. गाडीतला कुठलाही दिवा गेला की लोक आधी बल्ब बदलायचे. काका बल्बला हात लावत नसत. ते क्लिप बॅटरीच्या प्लसला अडकवायचे आणि सळई दिव्याच्या होल्डरच्या बाहेरच्या अंगाला टेकवायचे. टेस्ट लॅम्प लख्ख पेटला तर ठीक. मिणमिणला तर त्यांना हवं ते सापडलेलं असायचं. “करंट येतोय का ते सगळीच बघत्यात, पोरी,” ते म्हणायचे. “जातोय का, ते बघायचं.”

पुढे इंजिनिअरिंगला किर्चहॉफचे नियम शिकले, जगभरच्या सर्किटांची गणितं सोडवली. पण दिवा लागत नसेल तर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे मी त्या गॅरेजच्या फरशीवर शिकले होते.

दिव्याला वीज आणणारी वाट लागते तशी ती परत नेणारी वाटही लागते. गाडीत परतीसाठी सगळीकडे वेगळी वायर ओढलेली नसते. बॅटरीचं एक टोक जाड पट्टीनं गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, आणि मग गाडीचा सारा लोखंडी देह हीच परतीची वायर. गॅरेजात याला अर्थिंग म्हणतात. 1967 पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लसचं टोक असं पत्र्याला जोडलेलं होतं. त्या वर्षी डायनॅमो जाऊन आल्टरनेटर आला आणि तेव्हापासून मायनसचं टोक पत्र्याला आलं. ही रचना हुशारीची आहे. तिच्यामुळे तांबं वाचतं, वजन वाचतं, वायरिंगचा गुंता निम्मा होतो. गाडी नवी असताना तिच्यात खोट काढायला जागा नसते. पण पत्रा म्हातारा होतो. त्याला गंज धरतो, त्यावर रंगाचे थर चढतात, नट-स्क्रू धक्क्यांनी सैल पडतात, आणि प्रत्येक सांध्यात थोडा थोडा अडथळा साचत जातो. वीज आणणाऱ्या वायरींना रंग आहेत, फ्यूज आहे, नकाशात त्यांच्या ठळक रेघा आहेत. परतीच्या वाटेला नकाशात एक छोटीशी खूण असते, बस्स. म्हणून ती नजरेतून सुटते.

छताखालच्या दिव्यानं मला हे पुन्हा नीट शिकवलं. त्याची वाट अशी आहे: फ्यूजमधून एक जांभळी वायर निघते, जिच्यात किल्ली काढून घेतली तरी वीज असते. ती दिव्यापर्यंत जाते. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून जांभळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर निघते आणि दाराच्या खांबातल्या स्विचपाशी येते. दार बंद असलं की स्विचची कळ दबलेली आणि वाट तुटलेली. दार उघडलं की स्प्रिंगनं कळ बाहेर येते आणि स्विच ती वायर थेट खांबाच्या पत्र्याला जोडून देतो. म्हणजे इथे स्विच येण्याच्या वाटेवर नसून जाण्याच्या वाटेवर आहे. त्यामुळे दार बंद असताना मीटर लावून पाहिलं तर बल्बच्या दोन्ही टोकांना पूर्ण 12 व्होल्ट दिसतात आणि दिवा मात्र विझलेला. दोन टाक्यांतल्या पाण्याची पातळी सारखी असली की मधल्या नळीतलं पाणी हलत नाही, तसंच हे. दाब आहे, वाहणं नाही.

माझ्या गाडीत दार उघडं असतानाही दोन्ही टोकांना 12 व्होल्टच दिसत होते. तेवढ्यावरूनच बल्ब, फ्यूज आणि जांभळी वायर शाबूत असल्याचं कळलं. मग खांबापाशी बसून स्विच बाहेर घेतला. त्याआधी वायरीला दोरा बांधला. सुटलेली वायर पोकळ खांबात आत घसरली तर ती परत बाहेर काढण्यात दुपार जाते. जांभळी-पांढरी वायर स्वच्छ पत्र्याला टेकवली आणि दिवा लागला. म्हणजे बॅटरीपासून इथवर सगळं ठीक. दोष असलाच तर या दोन इंचांत. स्विच स्वतंत्रपणे तपासला, तोही चांगला. राहिलं फक्त त्याच्या बैठकीचं भोक.

भोकाच्या कडेवर टॉर्च धरला. तिथे लाल रंगाचा जाड, गुळगुळीत, चकाकता थर होता. गाडी मधल्या काळात कोणीतरी नव्यानं रंगवून घेतली होती आणि रंगाऱ्यानं काम जीव ओतून केलं होतं: खांब, खाचा, भोकाची आतली कडा, काही सोडलं नव्हतं. स्विच त्या रंगावर बसला होता. त्याचं धातूचं अंग आणि खांबाचं लोखंड यांच्यामध्ये केसाएवढा थर, आणि तेवढ्यानं दिवा बंद. मी पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळून फक्त आतली कडा घासली. आधी लाल पूड निघाली, मग त्याखालच्या प्रायमरची करडी पूड, आणि मग लोखंड चमकलं. इथल्या दमट हवेत उघडं लोखंड लगेच गंजतं, म्हणून स्विच बसवून झाल्यावर भोवती व्हॅसलीनचा हलका हात फिरवला. दार उघडलं आणि छताखाली सहा वॉटचा पिवळा उजेड पडला.

त्या रंगाऱ्याचं मला वाईट वाटत नाही. रंग हा लोखंडाचा कैवारी आहे. तो नसता तर आज खांबच उरला नसता. पण दोन धातूंनी एकमेकांना जिथे भेटायचं असतं तिथे संरक्षणही आड येतं. जुनी वस्तू जपणं म्हणजे ती सगळीकडून झाकून घेणं, असं आपण धरून चालतो. कुठे झाकायचं आणि कुठे उघडं ठेवायचं याची समज ही जपणुकीतली खरी अवघड गोष्ट आहे, आणि ती समज वस्तू कशी चालते हे जाणून घेतल्याशिवाय येत नाही. नुसत्या प्रेमानं येत नाही.

याच दिव्याचं उलटं दुखणंही असतं. कळ पुरती आत दबत नाही किंवा वायरीचं आवरण पत्र्यावर घासून फाटतं, आणि दिवा दार लावल्यावरही जळत राहतो. सहा वॉट म्हणजे अर्धा अँपिअर. एका रात्रीत बॅटरीचं त्यानं काही बिघडत नाही. पण जुन्या गाड्या आठवडाभर हलत नाहीत, आणि पाच दिवसांत हाच अर्धा अँपिअर साठ अँपिअर-तास खाऊन टाकतो. मग कोणीतरी वैतागून बल्बच काढून ठेवतं. असे बल्ब काढून ठेवलेले किती होल्डर मी पाहिले आहेत! प्रत्येकाच्या मागे एक न शोधलेलं कारण आहे.

विझलेला दिवा शोधणं तसं सोपं. मंद दिवा जास्त दमवतो, कारण तो मंदच असणार असं सगळे गृहीत धरतात. एमजीबीची मीटरं स्मिथ्स कंपनीची. प्रत्येकात 2.2 वॉटचा स्क्रूचा इवलासा बल्ब, त्यापुढे हिरवट प्लास्टिकची गाळणी, आणि त्यातून झिरपून आकड्यांवर येणारा उजेड. ‘या गाड्यांचे मीटर असेच मिणमिणे असतात’ हे वाक्य इथल्या प्रत्येक जुन्या मालकाच्या तोंडी आहे. डिसेंबरात आमच्याकडे चारच्या आत सूर्य मावळतो, आणि ऑफिसमधून घरी येताना स्पीडोमीटरचा काटा 30 वर आहे की 40 वर हे रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात बघावं लागतं. बुद्धीला हे पटेना. ज्यांनी ही गाडी रात्री चालवण्यासाठी बनवली, त्यांनी काटा दिसू नये अशी योजना केली असेल का?

म्हणून मोजलं. मोजण्याची रीत महत्त्वाची आहे, कारण इथे चांगला मीटरही चकवतो. डिजिटल मल्टिमीटर आत जवळजवळ करंट घेतच नाही. त्याचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असतो. त्यामुळे गंजलेल्या सांध्यापलीकडेही तो निवांत 12 व्होल्ट दाखवतो. त्या सांध्यातून खरा करंट वाहायला लागला की मगच त्याचा अडथळा उघडा पडतो. काकांचा टेस्ट लॅम्प इथे सरस ठरतो, कारण तो स्वतः करंट मागतो. मल्टिमीटरच वापरायचा असेल तर दिवे लावून, वाटेच्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना मीटर धरून, त्या तुकड्यात किती व्होल्ट हरवतात ते पाहायचं. निरोगी तुकड्यात दशांश व्होल्टही हरवता कामा नये.

माझ्या गाडीत बॅटरीपाशी 12.2 व्होल्ट होते आणि बल्बपाशी 10.1. मधले 2.1 कुठे गेले याचा हिशेब लागला तो असा: उजेड कमी-जास्त करायच्या रिओस्टॅटमध्ये, तो पूर्ण उघडा असतानाही, 0.7. वायरींच्या सांध्यांत 0.3. आणि बल्बपासून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वाटेत 1.1. सगळ्यात मोठी गळती परतीवर.

दोन व्होल्टनं काय होतं, असं कोणी म्हणेल. व्होल्टेज सहाव्या हिश्शानं घटलं, तर प्रकाशही सहाव्या हिश्शानं घटेल असं वाटतं. तसं होत नाही. टंगस्टनची तार जितकी तापेल तितकी झपाट्यानं उजळते, आणि तिचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. 12 चे 10 झाले की प्रकाश निम्म्यावर येतो, आणि जो उरतो तोही तांबूस, जो हिरव्या गाळणीतून आणखीच कमी पार होतो. काटा न दिसण्याचं कारण असं एका जागी नव्हतंच. तीन ठिकाणी थोडं थोडं हरवत होतं. एकेका ठिकाणी पाहिलं तर प्रत्येक नुकसान सोसण्याजोगं, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे अर्धा अंधार.

डॅशबोर्डमागे हात घालायच्या आधी बॅटरीची वायर काढून ठेवायची, यात हयगय चालत नाही. या गाड्यांत तपकिरी वायरी बॅटरीतून थेट येतात, मध्ये फ्यूज नाही. अंगठी किंवा पाना तिथे टेकला तर वायर तापून लाल होते. मग सीटवर पाय वर, डोकं खाली, मान स्टिअरिंगच्या दांड्याखाली. वर नजर लावली की वायरींचं दाट जाळं, आणि त्यात मीटरांच्या पाठी. एका मीटरच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर जाणारी काळी वायर म्हणजे त्या सगळ्यांची परतीची वाट. तिच्या टोकाची कडी मीटरच्या पाठीमागच्या खाचांच्या नटाखाली दाबलेली असते. तो नट मी दोन बोटांत धरला आणि तो कुठलाही जोर न लावता फिरला. कडी काढून उजेडात आणली. तिचं पितळ काळपट तपकिरी पडलं होतं, आणि नखानं खरवडल्यावर खाली सोनेरी रेघ उमटली. हीच ती 1.1 व्होल्टची जागा. बारीक तारेच्या ब्रशनं कडी, नट, मीटरची पाठ घासली, दातेरी वॉशर घालून नट आवळला.

रिओस्टॅटला तर हत्यारही लागलं नाही. त्याची मूठ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुनःपुन्हा फिरवली की आतली घसरपट्टी स्वतःचा मळ स्वतः खरवडून काढते. सांध्यांसाठी मात्र बसावं लागलं. ल्युकास पद्धतीत वायरीच्या टोकाला पितळेची गोळी असते आणि दोन गोळ्या रबरी आवरणाच्या एका नळीत समोरासमोर दाबून बसवतात. ओढून काढल्या की गोळीवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. गोळ्या घासल्या, नळ्या नव्या घातल्या. बॅटरी जोडून दिवे लावले तेव्हा बल्बपाशी 11.8 व्होल्ट आले. एकही बल्ब बदलला नव्हता.

परतीची वाट अडली की गाडी खोटंही बोलू लागते, आणि ते ओळखता आलं तर तीच उत्तम साक्ष ठरते. इंडिकेटर दिला की मीटरांचे दिवे त्याच्या तालावर लुकलुकतात. पार्किंग लाइट लावले की इंडिकेटरची हिरवी खूण आपोआप मंद तेवते. नेहमीची वाट बंद झाल्यावर करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरून पत्रा गाठू बघतो, म्हणून हे होतं. पेट्रोलचा काटाही यात ओढला जातो. त्याला साधारण 10 व्होल्ट स्थिर पुरवठा करणारी एक छोटी डबी डॅशबोर्डमागे असते. तिचं अर्थिंग गेलं की ती गाळण्याचं काम सोडून पूर्ण 12 व्होल्ट पुढे ढकलते, आणि टाकीत नसलेलं पेट्रोल काट्यावर दिसतं. एका सैल नटापायी माणूस आडरानात रिकाम्या टाकीनिशी उभा राहू शकतो.

अशा वेळी लोक ल्युकासला हसतात. ब्रिटिश गाड्यांच्या जगात ‘अंधाराचा राजकुमार’ ही त्या नावाची जुनी थट्टा आहे, आणि ती ऐकून मला कधीच हसू आलेलं नाही. जोसेफ ल्युकास हा एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या हॉकले भागात रॉकेल विकणारा माणूस. त्यानं पुढे जहाजांचे आणि सायकलींचे दिवे बनवले. ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा त्याचा सायकलचा दिवा घेऊन लोक अंधाऱ्या रस्त्यांवर निर्धास्त निघायचे. मी राहते तिथून हॉकले दूर नाही. पावसात, बर्फात, रस्त्यावर टाकलेल्या मिठात पन्नास वर्षं काढलेला पितळी सांधा काळा पडला, याला बनवणाऱ्याचा दोष म्हणणं अन्याय आहे. त्याला घासून परत बसवता येतं, हा बनवणाऱ्याचा गुण आहे.

आणि त्याहून मोठा गुण म्हणजे ते रंग. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी. हिरवी म्हणजे तीच वीज फ्यूजमधून आलेली. जांभळी म्हणजे फ्यूजमधून आलेली पण सदैव जिवंत. लाल पार्किंग लाइटची, आणि लाल-पांढरी म्हणजे रिओस्टॅट ओलांडून मीटरांच्या दिव्यांकडे निघालेली. काळी म्हणजे परत निघालेली. हे सहा-सात रंग पाठ असले की एमजी असो, ट्रायम्फ असो वा त्या काळची जॅग्वार, डॅशबोर्डखाली उताणं पडून प्रत्येक वायर कुठून आली आणि कुठे चालली हे सांगता येतं. ज्यांनी ही खूणगाठ ठरवली त्यांनी ती कधीच न भेटणाऱ्या माणसांसाठी ठरवली. अर्ध्या शतकानंतर कोल्हापूरहून आलेली एक बाई ती वाचेल असं त्यांच्या स्वप्नातही नसेल, पण ती वाचता येते.

आजकाल या सगळ्यावर एलईडीचा उतारा सुचवतात. जुने बल्ब काढा, एलईडी घाला, लख्ख उजेड. छताच्या दिव्यात मला त्याला हरकत दिसत नाही. करंट कमी लागतो, तेवढं सांधे आणि बॅटरी दोघांनाही बरं. पण मंद बल्बच्या जागी तेजस्वी एलईडी घालून गंजलेली वाट तशीच ठेवली, तर खूण पुसली जाते आणि दुखणं राहतं. शिवाय काही बल्ब नुसता उजेड देत नाहीत. डॅशबोर्डवरची इग्निशनची लाल खूण घ्या. तिच्यातून वाहणारा इवलासा करंट आल्टरनेटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. तिथे एलईडी बसवला किंवा तो बल्ब गेला, तर इंजिन चालू होऊनही आल्टरनेटर चार्ज करायला लागेलच असं नाही. मालकाला वाटतं खूण विझली म्हणजे सगळं ठीक, आणि बॅटरी मुकाट्यानं उतरत असते. दोन वॉटचा बल्ब आहे म्हणून त्याचं काम दोन वॉटचंच असेल असं नाही.

फ्यूजच्या बाबतीतही हीच सावधगिरी लागते. ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं. ते किती अँपिअरला तो उडेल हे सांगतं. सतत सोसण्याची त्याची ताकद सतराच्या आसपास. दुसऱ्या पद्धतीच्या फ्यूजवर 35 असेल तर तो 35 अँपिअर सतत सोसतो. आकडा तोच, पण हा दुसरा फ्यूज लावला तर वायर जळेपर्यंत तो शाबूत राहतो. सुट्या भागाच्या दुकानातून आकडा जुळवून वस्तू आणणं पुरत नाही. तो आकडा कोणाच्या हिशेबातला आहे हेही विचारावं लागतं.

गाडीबरोबर मला आधीच्या मालकांनी जमवलेली एक फाइल मिळाली होती. रंगकामाची पावती तिच्यात आहे, क्लचची आहे, टायरची आहे. वायरिंगचं मात्र एक अक्षर नाही. डॅशबोर्डमागे कधीकाळी बसवलेल्या आणि कधीच काढून टाकलेल्या रेडिओची एक वायर जांभळ्या वायरीला पिळून, वर काळी टेप गुंडाळून लोंबत होती. ती कोणी जोडली, कशासाठी जोडली, काढताना का ठेवली, सांगायला कोणी नाही. ती शोधून तिचा उगम ठरवण्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढा दुसऱ्या कशातच गेला नाही. जोडणाऱ्यानं त्या दिवशी एक ओळ लिहून ठेवली असती तर तो सगळा वेळ वाचला असता.

म्हणून मी वायरिंगच्या नकाशाची मोठी प्रत काढून त्या फाइलमध्ये लावली आहे. तिच्यावर तारखेनिशी लिहिलं आहे: उजव्या खांबाच्या भोकाची कडा इथे घासली. स्पीडोमीटरच्या पाठीचा नट सैल होता, वॉशर घातला. रेडिओची वायर काढली. बॅटरीपाशी 12.2, बल्बपाशी आधी 10.1, आता 11.8. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पितळ पुन्हा काळं पडणार, नट पुन्हा सैल होणार, आणि तोवर गाडी कदाचित दुसऱ्या कोणाची झालेली असेल. त्या माणसानं दिवे लावून मीटर धरला आणि 11 च्या खाली आकडा आला, तर बल्ब विकत न आणता कुठे हात घालायचा ते त्याला कळेल. दुरुस्ती कायमची कधीच होत नाही. ती पुढच्याला वाचता येईल अशी करून ठेवणं मात्र आपल्या हातात असतं, आणि मला तेच दुरुस्तीचं निम्मं काम वाटतं.